ब्रॉयलरच्या फिनिशरमध्ये मका मिसळला. वजन अडकलं, चरबी वाढली

पनवेल_शेड: खाद्याचे दर चढले म्हणून ब्रॉयलर कोंबड्यांना २२ व्या दिवसापासून तयार फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याचं खाद्य) २० टक्के मका भरडा घालतोय. आज ३५ वा दिवस, वजन मागे. मुंबईतले दुकानदार म्हणतात, सोलल्यावर पोटात चरबीचा गोळा निघतो. मक्यात तर ताकद असते ना? पाण्यातून प्रोटीन पावडर द्यावी का?

भरडा_गिरणी: ताकद असते, घोळ तिथेच आहे. कोंबडीखाद्याचं भारतीय मानक आयएस १३७४ (२००७) प्रमाणे फिनिशरला प्रथिनं २० टक्के आणि ऊर्जा किलोमागे ३२०० किलोकॅलरी, म्हणजे दर टक्का प्रथिनामागे १६०. मक्यात प्रथिनं ९ च्या आसपास, ऊर्जा साधारण ३३५०. ८०:२० केल्यावर प्रथिनं १७.८ वर आली, ऊर्जा ३२३० झाली. १६० चे १८१ झाले. लायसिनही (प्रथिनातलं गरजेचं अमिनो आम्ल) १ टक्क्यावरून ०.८५ वर. लायसिन कमी पडलं की छातीचं मांस भरत नाही आणि उरलेली ऊर्जा चरबी होऊन पोटात साठते.

मिसळायचंच असेल तर १०० किलोत फिनिशर ८०, मका १४, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड, ४५ टक्के प्रथिनवाली) ६. प्रथिनं पुन्हा २० च्या जवळ येतात. पण प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण) आणि कॉक्सीची (आतड्याच्या परजीवी रोगाची) दवा तरीही ८० टक्केच राहते, ते विसरू नका. आणि पेलेटमध्ये (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या) भरडा टाकला की पक्षी निवडून खातात, तळाशी भुगा उरतो.

पावडर नको. पाण्याचे निपल तुंबतात, पाइपात बुळबुळीत थर धरतो.

पनवेल_शेड: मग सोया १० किलो टाकली तर वजन लवकर भरेल?

लिटर_कोरडं_ठेवा: नाही. गरजेपेक्षा जास्त प्रथिन युरिक आम्ल होऊन विष्ठेत जातं. पक्षी पाणी जास्त पितो, लिटर (शेडमधला तुसाचा थर) ओलं होतं, अमोनिया सुटतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तर थोड्याच दिवसांत पायाला फोड.

एप्रिल-मेचं गणित वेगळं. उकाड्यात पक्षी खातच कमी. तेव्हा प्रथिन चढवू नका, ते पचवताना अंगात उष्णता वाढते. लायसिन-मेथिओनिन (दोन्ही अमिनो आम्लं) प्रीमिक्सवाल्याकडून बसवून घ्या, थोडी ऊर्जा तेलातून द्या. दुपारी ११ ते ४ फीडर वर उचला, थंड पाणी मात्र सतत. तेल भरड्यात फार झालं की गोळे होतात.

भरडा_गिरणी: ३५ व्या दिवशी आता दुरुस्तीला फारसा वाव नाही. मका आजच बंद करून सरळ फिनिशर द्या. कसर भरून काढायला ४५ दिवसांपर्यंत ठेवू नका, वय वाढेल तसा एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) बिघडतो. दर बरा मिळाला की उचल द्या (पक्षी विकून टाका).