प्लेऑफबाहेरचे बोल सामने: ठेवावेत की गुंडाळावेत?

यार्डरेषा
अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदासाठीची बाद फेरी, २०२४ च्या हंगामापासून १२ संघांचा झाला. त्याबाहेर पस्तीसेक बोल सामने, म्हणजे हंगामाअखेर निमंत्रणावर खेळले जाणारे एकेकटे सामने, उरतात. पात्रता काय, तर १२ पैकी ६ विजय. त्यातला एक खालच्या एफसीएस विभागातल्या संघावर मिळवलेला असला तरी चालतो, म्हणजे आपल्या तोडीच्या संघांवर पाचच विजय पुरतात. एवढ्यानेही जागा भरत नाहीत. २०१५ मध्ये नेब्रास्का, मिनेसोटा आणि सॅन होजे स्टेट हे तिघे ५-७ (५ विजय, ७ पराभव) असूनही खेळले, अभ्यासातल्या गुणांकाच्या जोरावर. माझं म्हणणं सरळ आहे: किमान ७ विजय लागावेत, एफसीएसवरचा विजय धरू नये आणि सामने निम्मे करावेत. डिसेंबरात रिकाम्या स्टेडियममध्ये राखीव खेळाडूंचा जो खेळ चालतो, त्याला बक्षीस म्हणायचं का?

तिसरा_डाउन
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. २०१५ चे ते तिन्ही ५-७ संघ आपापला सामना जिंकले! नेब्रास्काने यूसीएलएला ३७-२९ असं हरवलं. दर्जा नव्हता कुठे?

दुसरं, बक्षीस म्हणजे ट्रॉफी एवढंच धरू नका. बोल मिळाला की डिसेंबरभर सराव करता येतो, साधारण १५ सत्रं. बोल न मिळालेल्या संघाचा संघ म्हणून सराव थेट वसंतात. मधल्या काळात पहिल्या वर्षाचा लाइनमन (पुढच्या रांगेतला खेळाडू) फक्त व्यायामशाळेत. बोलच्या तयारीत पहिले चार-पाच दिवस प्रतिस्पर्ध्याचा विचारही होत नाही, सगळा वेळ मागच्या फळीतल्या पोरांना जातो. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकला मुख्य फळीमागे उभं राहून पास टाकायची संधी तेव्हाच मिळते. ६-६ च्या संघासाठी हीच खरी कमाई आहे.

हिशेबनीस
कमाईचं नाव काढलंत म्हणून. बोलचा पैसा थेट कॉलेजला मिळत नाही. तो कॉन्फरन्सच्या, म्हणजे कॉलेजांच्या गटाच्या, गल्ल्यात जातो, तिथून वाटला जातो. कॉलेजच्या वाट्याला प्रवासभत्ता आणि ठरावीक तिकिटं स्वतः उचलण्याचं बंधन. कनेक्टिकटचा २०११ चा फिएस्टा बोल आठवा. १७,५०० तिकिटं गळ्यात, विकली गेली थोडी, वर खेळाडू, बँड आणि अधिकारी यांचा ॲरिझोनाचा खर्च. तोटा १५ लाख डॉलरच्या वर, आणि ओक्लाहोमाकडून ४८-२० असा मार वेगळा.

तिकिटं का खपत नाहीत, याचं कारण साधं आहे. कॉलेजच्या कोट्यातली जागा बहुतेकदा कोपऱ्यातली आणि छापील किमतीला. तसंच तिकीट पुनर्विक्रीत पडेल भावात मिळतं. चाहता मूर्ख नाही. कोण कुणाशी खेळणार हे जाहीर होतं डिसेंबरच्या सुरुवातीला आणि सामना दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे विमानाचं भाडं ऐन नाताळातलं.

म्हणून माझा आक्षेप सामन्यांवर नाही, तिकिटांच्या सक्तीवर आहे. ती काढा, मग हवे तेवढे बोल भरवा.

यार्डरेषा
सक्ती काढली तर निम्मे आयोजक स्वतःहूनच दुकान बंद करतील. म्हणजे आपण दोघं एकाच गावाला चाललो आहोत.

हिशेबनीस
करणार नाहीत. डझनाहून अधिक बोल ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्याच मालकीचे आहेत. त्यांना स्टेडियम भरण्याची फिकीर कमी. कामाच्या दिवशी दुपारी थेट प्रक्षेपणाला सामना मिळाला की त्यांचं भागतं.

गुडघा_जपा
खेळाडूंच्या बाजूने कुणी बोलेल का? नोटर डेमचा बचावपटू जेलन स्मिथ एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, पहिल्या दहांत निवडला जाईल असं धरलं जात होतं. १ जानेवारी २०१६ ला फिएस्टा बोलमध्ये गुडघा गेला आणि ड्राफ्टमध्ये तो ३४ व्या क्रमांकावर घसरला. पहिल्या दहांतून दुसऱ्या फेरीत गेलं की कराराची हमी रक्कम कोट्यवधी डॉलरनी कमी होते. त्याच वर्षाअखेरीस मॅकॅफ्री आणि फोर्नेट या ड्राफ्टच्या वाटेवरच्या खेळाडूंनी दुखापत टाळायला आपापले बोल सोडले, तेव्हा केवढा गहजब झाला! आज कुणी वळूनही बघत नाही. २०२३ ची फ्लोरिडा स्टेट बघा: १३-० असून चौघांच्या प्लेऑफबाहेर, मग डझनावारी खेळाडू न खेळता घरी बसले आणि ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३-३ ने धुतलं. तो निकाल कशाचं माप आहे, सांगा बरं?

तिसरा_डाउन
कशाचंच नाही, मान्य. पण तो वरच्या थरातला बोल होता. ड्राफ्टचे खेळाडू तिथेच जास्त, म्हणून गळतीही तिथेच जास्त. बॉइसी शहरातल्या निळ्या मैदानावर, जिथे 'पोटॅटो बोल'च्या विजेत्या प्रशिक्षकावर फ्रेंच फ्राइज ओततात, तिथल्या सामन्यात बहुतेक पोरांचा हा शेवटचा किंवा पहिला मोठा खेळ असतो. ती बसत नाहीत. यार्डरेषा यांचा उपाय नेमका तोच थर कापतो आणि पोकळ झालेला थर ठेवतो.

पंटिंग_पंत
सगळे लक्षण बघताय, रोग कॅलेंडरात आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नव्या भरतीच्या सह्या, त्याच सुमारास प्रशिक्षकांच्या बदल्या, लगेच ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी. २०२४ चं मार्शल विद्यापीठ घ्या. सन बेल्ट कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं, प्रशिक्षक सदर्न मिसला गेला, पाठोपाठ दोन डझनांहून अधिक खेळाडू पोर्टलमध्ये. इंडिपेंडन्स बोलमधून संघच मागे घ्यावा लागला. आर्मीविरुद्ध मग ५-७ चा लुइझियाना टेक. संघातले इतके गेले की आधी लाइन कोलमडते. पाच लाइनमन आणि दोन-तीन राखीव नसतील तर सामना खेळवणं धोक्याचं असतं, हे घरबसल्या कळत नाही.

आता पोर्टलची खिडकी एकच ठेवली आहे, २ ते १६ जानेवारी. हा बदल खरा उपयोगाचा.

गुडघा_जपा
अर्धाच. जाणारा खेळाडू डिसेंबरातच 'मी जाणार' म्हणून जाहीर करतो आणि सरावाला येत नाही. आणि संघच नको म्हणत असतील तर? डिसेंबर २०२५ मध्ये १०-२ च्या नोटर डेमने प्लेऑफ हुकल्यावर बोलच नाकारला. आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट यांनीही नाकारला, तर त्यांच्या बिग १२ कॉन्फरन्सने प्रत्येकी ५ लाख डॉलर दंड ठोकला. दंड लावून खेळायला लावणं म्हणजे बक्षीस की वेठबिगार?

हिशेबनीस
त्या दोघांकडे प्रशिक्षक बदलत होते, हेही सांगा. मात्र दंडापेक्षा करार बरा. २०२५-२६ पासून कॉलेज खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षाची मर्यादा २.०५ कोटी डॉलर. शेवटचा हप्ता बोलनंतर ठेवा आणि ड्राफ्टच्या खेळाडूचा दुखापत-विमा कॉलेजने भरावा. सध्या बोलकडून भेटवस्तू मिळतात, त्याही ५५० डॉलरच्या मर्यादेत. हेडफोनसाठी कोण गुडघा पणाला लावेल?

यार्डरेषा
विमा आणि हप्ता, दोन्ही पटतं. तिसरा_डाउन यांचा सरावाचा मुद्दाही पटतो. पण त्याला सामना कशाला हवा? बोल न मिळालेल्या संघांनाही डिसेंबरात तेवढीच सत्रं द्या, मग ६-६ वाल्यांना रिकाम्या स्टेडियमकडे पळायचं कारण उरणार नाही.

तिसरा_डाउन
शेवटी सामना नसेल तर तिसऱ्या दिवसापासून त्या सरावात कोण धावेल? प्रशिक्षक तर तोवर भरतीच्या दौऱ्यावर निघालेला असेल.