मदत हवी आहे: वस्तीतल्या मुलांसाठी उन्हाळी इंटर्नशिप

नमस्कार मंडळी. गोवंडीतल्या आमच्या वस्तीकेंद्रातर्फे १५ ते १८ वयाच्या २० मुलामुलींसाठी सहा आठवड्यांची इंटर्नशिप घ्यायची आहे. वाचनालय, दवाखाना, झेरॉक्सचं दुकान, बालवाडी अशा ठिकाणी रोज सलग चार तास काम आणि शेवटी एकरकमी मानधन, असं ठरवतोय. १ मेपासून सुरू करावं का? मुलं मध्येच गळतात, त्यावर काय करता येईल?

प्रतिसाद १

१ मे नको. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, आणि पुढे महिनाभर निम्मी वस्ती गावी. दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा मार्चमध्ये आटोपतात. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सुरू केलंत तर मेच्या मध्याला संपेल, अकरावीच्या प्रवेशाची धावपळ आणि पाऊस दोन्ही टळतील. १४ एप्रिलच्या आसपास दोन दिवस मोकळे ठेवा, जयंतीच्या तयारीत मुलं येणार नाहीत आणि येऊही नयेत. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून अर्ज मार्चमध्ये घ्या आणि पहिला प्रश्न हाच ठेवा: गावचं तिकीट काढलंय का, कधीचं? बारावी सायन्सवाल्यांना सीईटीची तारीखही विचारा.

गळतीचं मोठं कारण मात्र एकरकमी मानधन. लग्नसराईत कॅटरिंगवाला रात्रीच हातावर पैसे ठेवतो, मग सहा आठवडे कोण थांबेल? दर पंधरवड्याला द्या. प्रवासखर्च वेगळा, दर सोमवारी आगाऊ.

आणि आधी काम, मग मूल. जागेवाल्याकडून रोजचं काम लिहून घ्या. ‘मदत करेल’ एवढंच लिहिलं तर तिसऱ्या दिवशी पोराच्या हातात चहाची किटली येते. वाचनालयासाठी असं लिहा: रोज ३० पुस्तकं नोंदवहीत चढवायची, पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी लावायची, शनिवारी हरवलेल्यांची यादी करायची. शिकवणारा माणूस एक, तो रजेवर असेल तेव्हाचा दुसरा, दोघांची नावं कागदावर हवीत.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त ‘सलग चार तास’ आधी बदला. १४ ते १८ वयाच्या मुलांना सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, मध्ये तासाभराची विश्रांती लागते. विश्रांती धरून दिवसाचे सहा तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. म्हणून १० ते १ ठेवा, सुटसुटीत पडतं. रविवारी सुट्टी द्या, नाहीतर हार्बर रेल्वेच्या मेगाब्लॉकमध्ये अडकतील.

दवाखान्यात फक्त केसपेपर आणि रांगेचं काम. सुया, ड्रेसिंगचा कचरा, रक्ताचे नमुने यांना हात लावायचा नाही, हे डॉक्टर आणि कंपाउंडर दोघांना सांगा.

एका जागी दोघं पाठवा, शक्यतो एकाच गल्लीतले, म्हणजे येणं-जाणं सोबत होतं. मुलींच्या घरच्यांना ती जागा आधी दाखवून आणा. नुसत्या संमतीपत्रावर सही घेतली की आई होकार देते आणि दुसऱ्या आठवड्यात काका मोडता घालतात. पोक्सो २०१२, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, मुलग्यांनाही लागू आहे आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जागेवाल्यांच्या बैठकीत हे स्पष्ट बोला.

धागाकर्ता

आभार! १० ते १ करतो. पण उशिरा येणाऱ्याचं मानधन कापावं का?

प्रतिसाद १

लगेच नको. आधी घरी पाणी कधी येतं ते विचारा. भरायची पाळी त्या पोरीवर असेल तर तिची वेळ ११ ते २ करा.