गंधपुरा कोणता आणि त्याच्यासारखा दिसणारा कोणता?

सड्यावरचा (दापोली):
नमस्कार. पाय मुरगळला की आमची आजी खोबरेल तेलात गंधपुऱ्याच्या तेलाचे दोन-चार थेंब मिसळून चोळत असे, त्यामुळे तो वास मला लहानपणापासून ठाऊक आहे. मात्र ज्या झुडपापासून ते तेल निघते ते, म्हणजे विंटरग्रीन, मी साठी उलटल्यावर निलगिरीच्या सहलीत प्रथम पाहिले, आणि तेही ठामपणे सांगता येत नाही. उटीजवळ रस्त्याच्या कडेला दहा पावलांच्या अंतरावर दोन सदाहरित झुडपे होती. दोन्हींची पाने एकाआड एक, जाड, चिवट व बारीक दातेरी कडांची होती आणि फुले संक्रांतीच्या सुगडांसारखी उलटी लोंबत होती. वाटाड्याने दोन्हींना विंटरग्रीनच म्हटले. एकाखाली गळलेले पान चुरगळले तेव्हा थेट आजीच्या बाटलीचा वास आला. दुसऱ्याच्या पानाला काहीच वास नव्हता. आता छायाचित्रांत कोणते कुठले हेच उमगत नाही. वासाशिवाय ओळखण्याची एखादी खूण आहे काय? शिवाय येथील एका रोपवाटिकेत ‘विंटरग्रीन’ म्हणून वीतभरही उंच नसलेले, लाल फळांचे रोप मिळते. ते हेच काय?

पानफूल (सावंतवाडी):
वासाचे पान बहुधा गॉल्थेरिया फ्रॅग्रँटिसिमाचे, म्हणजे आपल्या गंधपुऱ्याचे असावे, आणि दुसरे झुडूप व्हॅक्सिनियम लेशेनॉल्टी असण्याचा संभव आहे. दोन्ही एरिकेसी कुळातील असल्यामुळे वाटाड्याला फार दोष देता येणार नाही. छायाचित्रात फूल बाजूने दिसत असेल तर पाकळ्यांच्या सुगडाखाली, देठाच्या टोकाशी काय आहे ते पाहावे. तवशाच्या मादी फुलामागे जशी इवलीशी काकडी दिसते, तसा फुगवटा व्हॅक्सिनियमच्या फुलामागे असतो, कारण त्याचा बीजांडकोश, म्हणजे पुढे ज्याचे फळ होते तो भाग, पाकळ्यांच्या खाली असतो. गंधपुऱ्यात तो सुगडाच्या आत दडलेला असतो, म्हणून सुगड थेट हिरव्या निदलांवर, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांवर, बसल्यासारखे दिसते.

फळांवरून ओळखताना मात्र फसगत होते, कारण टोकाशी निदलांच्या खुणा दोन्हींत दिसतात. गंधपुऱ्याचे निळे-जांभळे फळ म्हणून आपण जे पाहतो तो खरे तर मांसल झालेला निदलपुंज असतो आणि खरे फळ, म्हणजे असंख्य बारीक बियांचे बोंड, त्याच्या पोटात असते. काजूचा बोंडू जसा खरे फळ नव्हे, तसाच हा प्रकार. फक्त काजूत देठ फुगतो आणि येथे निदले. पिकलेल्या फळाच्या टोकाशी निदलांच्या मधून आतले बोंड डोकावते. व्हॅक्सिनियमचे फळ मात्र टोकाशी बंद असते, तेथे केवळ पेरूच्या बुडाशी असते तशी निदलांची कड राहते.

पानाची खालची बाजू टिपली असेल तर तिच्यावर विखुरलेले तपकिरी ठिपके शोधावेत. ते गंधपुऱ्याचे असतात. पुढच्या वेळी पानाची पाठही टिपावी, ही विनंती. आपण सगळेच पुढून छायाचित्र काढतो.

खाडीकाठ (गुहागर):
रोपवाटिकेतील रोप बहुधा उत्तर अमेरिकेतील गॉल्थेरिया प्रोकम्बेन्स असावे. ते १०-१५ सेंटिमीटर उंचीचे, जमिनीलगत पसरणारे असून फळे लाल असतात आणि फुले पानांच्या बगलेत सुटी लोंबतात. गंधपुरा माणसाच्या उंचीचा होतो व त्याची फुले मंजिरीत येतात. मात्र पाने समोरासमोर असतील तर रोप यांपैकी कोणतेच नाही, असे समजून पैसे परत मागावेत.

ते येथे जगेल, अशी आशा मी धरणार नाही. जांभ्याची आंबट माती त्याला मानवेलही; अडचण उष्म्याची आहे. उटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर आणि दापोली जेमतेम २५० मीटरवर. मी स्वतः असे एक रोप दोन पावसाळे सांभाळले. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आठ दिवसांत ते काळवंडले.

एक सूचना विषयाला धरूनच करतो. या तेलात जवळजवळ सर्वस्वी मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्याच जातीचे रसायन, असते, आणि ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा तेल पोटात गेल्यास ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक ॲस्पिरिन गोळ्या घेतल्यासारखे होते. बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

सड्यावरचा (दापोली):
दोघांचेही आभार. छायाचित्र मोठे करून पाहिले. सतराव्या चित्रातल्या फुलामागे हिरवा मणी स्पष्ट दिसतो, तेव्हा ते व्हॅक्सिनियम ठरले. दुसऱ्या झुडपाच्या पानाची पाठ मी टिपली नव्हती, पण वाऱ्याने उलटलेले एक पान कडेला सापडले आणि त्यावर ठिपके आहेत. रोप काही घेत नाही.