अनुभव धागा: 'आपला काय संबंध?'

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी ठेवलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी, मुलं घरी, सगळ्या मोकळ्या. तिळगूळ देता-घेता कुणीतरी मुलाच्या शाळेतल्या, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यावरच्या प्रकल्पाचा विषय काढला आणि एक मैत्रीण सहज म्हणाली, "तो त्यांचा इतिहास गं. आपला काय संबंध?" मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं.

रात्री बसून तारखा मांडल्या. १९४६च्या कायद्याने अमेरिकेत स्थायिक व्हायला भारताला मिळालेला कोटा वर्षाला जेमतेम १०० जणांचा. ७ मार्च १९६५ला अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर पोलिसांनी मताचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांची डोकी फोडली. ६ ऑगस्टला मताधिकाराचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला देशवार कोटा मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही झाली. माझे सासरे १९७० साली आले ते त्याच दारातून. ते दार ज्यांनी रेटून उघडलं, त्यांच्याबद्दल मी वीस वर्षांत कुणाला एक प्रश्न विचारला नव्हता.

म्हणून हा धागा. अमेरिकेत राहताना वर्णभेदाची खूण तुम्हाला कुठे भेटली? डोळ्यांनी पाहिलेलं, किंवा समोर बसून कुणी सांगितलेलं लिहा. खाजगी नावं, पत्ते नकोत.

मिनियापोलिसहून

आमचं घर १९४१चं. काही कामासाठी नवऱ्याने जुनं खरेदीखत मागवलं. टाइपरायटरवर ठोकलेलं, मधली काही अक्षरं शाईने भरलेली. अटींची यादी होती: घर रस्त्यापासून किती फूट आत हवं, कुंपण किती उंच, कोंबड्या पाळायच्या नाहीत. आणि लगेच खाली, त्याच सुरात: ही जागा कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणाला विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, तिथे राहू द्यायचं नाही. अपवाद एकच, मालकाच्या घरातले नोकर.

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करायचं भान नव्हतं. सगळ्यात जास्त लागलं ते वरच्या ओळीत कोंबड्या असणं. म्हणजे लिहिणाऱ्याला यात वेगळं काही वाटलंच नव्हतं.

न्यायालयं अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितलं. पण कागद तसेच राहिले आणि बँकांची सवयही. त्याआधी १९३०च्या दशकात सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगवलेल्या होत्या, तिथे कर्ज देणं धोक्याचं म्हणून. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशावरून भेद करायचा नाही, हा कायदा यायला १९६८ उजाडलं. माझ्या एका सहकाऱ्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धातून परतले, सैनिक म्हणून गृहकर्जाला पात्र होते, तरी बँकेने दारातून परत पाठवलं. ज्या घराच्या वाढलेल्या किमतीवर आज आमच्या मुलीचं कॉलेज होणार आहे, तसं घर त्या कुटुंबाला घेऊच दिलं नाही. संबंध नाही कसा?

इथे २०१९पासून ही अट रद्द केल्याची नोंद घरमालकाला करता येते. अर्ज आणलाय.

अटलांटाहून

माझं वय आता ७८. १९७२ साली शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. एका छोट्या गावात वर्गमित्राबरोबर केस कापायला गेलो. तो कृष्णवर्णीय. न्हाव्याने मला खुर्ची दाखवली आणि त्याला म्हणाला, "तुझ्यासाठी दुसरं दुकान आहे." मित्र काही न बोलता गाडीत जाऊन बसला. मी केस कापून घेतले. पैसे दिले, वर टीपही दिली. परतीच्या वाटेवर तो रेडिओ ऐकत राहिला, मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याची माफी मागायला मला अकरा वर्षं लागली. ही गोष्ट घरीसुद्धा कधी बोललो नव्हतो.

माँटगोमेरीला जाऊन आलेली, मूळ रायगडची

आईला घेऊन गेले होते. तिने चार घरची धुणीभांडी करून आम्हाला शिकवलंय. रोझा पार्क्सच्या पुतळ्यापाशी मी तिला सगळं सांगितलं. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही म्हणून १ डिसेंबर १९५५ला तिला अटक. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिननेही जागा सोडली नव्हती. मग ३८१ दिवस बसवर बहिष्कार.

आईचा पहिला प्रश्न: "मग या बाया कामाला जायच्या कशा?"

खरा प्रश्न तोच होता, कारण बसने जाणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या बायका कितीतरी. कुणी चर्चच्या गाड्यांतून जायच्या, कुणी मैलोन्‌मैल चालत. काही गोऱ्या मालकिणी स्वतः गाडी घेऊन न्यायला यायच्या. महापौरांनी त्यांना दटावलं, तरी यायच्या. आई म्हणाली, "येतील नाही तर काय! घर कुणाच्या हातावर चालतंय ते कळलं असेल." जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकिणीचं ऐकून तर ती थांबलीच. बहिष्कारावरून झालेल्या खटल्यात साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली, तर तिने घरी रांधून विकलं, बायकांना जोडीला घेऊन केक-पाय विकले आणि ते पैसे आंदोलनाला दिले. आईने मला तिचा फोटो मोबाइलवर शोधून द्यायला लावला.

आमचे पणजोबा २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्यावर होते. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मग त्यांनी. संग्रहालयात एक जुना फोटो होता, शेजारीशेजारी दोन नळ, दोन्हींवर पाट्या, गोऱ्यांचा वेगळा, कृष्णवर्णीयांचा वेगळा. आईला इंग्रजी वाचता येत नाही. तिने माझा हात धरून हळूच विचारलं, "यातला आपला कुठला?"

ग्रीन्सबोरोहून

१ फेब्रुवारी १९६०ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी दुकानातल्या ज्या फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या खाण्याच्या काउंटरवर बसून राहिले, तो इथे जपलाय. माझ्या धाकटीने विचारलं, "त्यांना कॉफी मिळाली?" त्या दिवशी नाही. काउंटर खुला व्हायला २५ जुलै उजाडला आणि सगळ्यांत आधी बसून जेवले ते त्याच दुकानातले कृष्णवर्णीय कर्मचारी. रोज तिथेच दुसऱ्यांना वाढणारे.

मेम्फिसहून

मी नर्स आहे. एक म्हातारे पेशंट कचरा उचलणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या १९६८च्या संपात होते. डोक्यावर कचऱ्याचा टब, त्याला भोकं, मानेवरून घाण पाणी. पावसात आडोशाला म्हणून ट्रकमध्ये शिरलेले दोन साथी, एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, यंत्रात चिरडून गेले, तेव्हा संप पेटला. 'मी माणूस आहे' ही पाटी गळ्यात घालून माझे हे पेशंट मोर्चात चालले होते. आंघोळ घालताना मी मानेवर पाणी ओतलं की ते डोळे मिटून घ्यायचे. म्हणून मी आधी सांगायचे, "कोमट आहे, स्वच्छ आहे."

पुन्हा मिनियापोलिसहून

अर्ज नोंदवला. मूळ ओळ पुसत नाहीत, आपला कागद तिला जोडला जातो. मुलगी म्हणाली, पुसायला हवी होती. मला वाटतं, राहू दे, नाहीतर पुढे कुणाचा विश्वास बसणार नाही. समोरच्या आजी काल त्यांचं खरेदीखत घेऊन आल्या. तीच ओळ. शनिवारी त्यांचा अर्ज भरायला बसणार आहोत.