मदत हवी आहे: ममीच्या बाबतीत 'मुरवणे' म्हणावं की 'खारवणे'?

इजिप्तमधल्या ममीकरणावर मराठीत मजकूर तयार करायचा आहे आणि गाडी एका क्रियापदावर अडली आहे.

काम असं चाले: डाव्या कुशीला छेद देऊन यकृत, फुप्फुसं, जठर, आतडी काढायची, हृदय बहुधा जागेवरच ठेवायचं. मग पोटाच्या पोकळीत नेट्रॉन नावाच्या क्षाराच्या पुरचुंड्या भरायच्या आणि उताराच्या ओट्यावर अख्खा देह कोरड्या नेट्रॉनखाली गाडायचा. सुमारे 40 दिवस. गुंडाळणं वगैरे धरून एकूण 70. नेट्रॉन म्हणजे इजिप्तमधल्या वादी नत्रून या खोऱ्यातला क्षार: सोडियम कार्बोनेट, बायकार्बोनेट, शिवाय थोडं मीठ आणि सल्फेट. तो पाणी शोषतो, चरबीचा साबण करतो. आतल्या पुरचुंड्या ओलसर होतात, त्या काढाव्याच लागतात. राहिल्या तर कुजणं आतून सुरू होतं. 1994 मध्ये अमेरिकेत दान केलेल्या देहावर हाच प्रयोग झाला, तेव्हाही नेट्रॉन कोरडंच वापरलं होतं.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने यासाठी वापरलेलं ग्रीक क्रियापद मासे खारवण्यालाही चालतं. त्यावरून पुष्कळांनी देह द्रावणात बुडवत असा अर्थ काढला. मराठीत 'मुरवणे' म्हटलं की लोणच्याचा खार डोळ्यांसमोर येतो, म्हणजे तीच चूक पुन्हा. 'खारवणे' मला जवळचं वाटतं, पण त्यातही मिठाचं पाणी डोकावतंच.

किनारपट्टीवरच्या मंडळींना विनंती: मासळीला नुसतं कोरडं मीठ थरांनी लावून पाणी निथळू देतात, त्याला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का? गावाच्या नावासह कळवा.