मदत हवी आहे : इंदूरमध्ये एका इमारतीत दोन प्राथमिक शाळा, खोली एक कमी

नमस्कार मंडळी. रामबाग परिसरातल्या दोन खासगी प्राथमिक शाळा (पहिली ते पाचवी, पट 62 आणि 48) भाडं वाचवायला पुढच्या सत्रापासून एकाच इमारतीत आणायच्या आहेत. विलीनीकरण नको; संस्था, मान्यता, यूडाइस कोड (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) वेगळेच राहतील.

अडचण खोल्यांची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 62 मुलांना 3 शिक्षक, 48 मुलांना 2. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, शिवाय प्रत्येक शाळेला कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक मिळून एक खोली. म्हणजे 7 हव्यात, आहेत 6.

दोन पाळ्या मांडून पाहिल्या. वर्षाला 200 दिवस, 800 तास, म्हणजे रोज निव्वळ 4 तास अध्यापन. 7:30 ते 12 आणि 12:30 ते 5 असं बसतं. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याखालच्या दोन खोल्या भट्टीसारख्या तापतात, आणि पाळी बदलताना अरुंद गल्लीत दोन्हीकडच्या व्हॅन एकाच वेळी अडकतात. मधल्या अर्ध्या तासात स्वच्छतागृहं धुऊन होतील असं कागदावरच वाटतं.

म्हणून एकच वेळ बरी वाटते. विजेला सबमीटर, पाणी आणि सफाईचा खर्च पटाच्या प्रमाणात, हे ठरलंय. त्यावर सल्ला नको. बांधकामाला घरमालकाची परवानगी नाही, लाकडी पार्टिशन चालेल.

मध्य प्रदेशात अशा जागेत मान्यता नूतनीकरण केलेल्यांनी सांगावं: एका खोलीत पार्टिशन टाकून दोन कार्यालयं दाखवली, तर तपासणीत ती दोन्ही शाळांची स्वतंत्र धरतात का, आणि भाडेकरार दोन वेगळे लागतात की एक संयुक्त चालतो?