हॅरियरमध्ये विमान पाळण्यासारखं डुलतंय

उडाणटप्पू:
मंडळी, दिवाळीत एक मीटर पंखांचं ईपीपीचं (लवचिक फोमचं) थ्रीडी, म्हणजे कसरतींचं, रिमोटवरचं विमान बांधलं. बॅटरी ३एस (तीन सेलची), २२०० एमएएच. लूप, रोल जमतात, हॅरियर (नाक वर ठेवून अगदी संथ उडणं) जमेना. नाक उचललं की डावी-उजवीकडे डुलायला लागतं, आणि एलेरॉनने (पंखांच्या मागच्या हलत्या फळ्यांनी) सावरायला गेलो की जास्तच. परवा ज्वारीत घुसलं. प्रॉप (नाकावरचा पंखा) गेला, शेतमालकाची बोलणी खाल्ली ती वेगळी. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी फळी) जेमतेम २० अंश वळतो, त्यामुळे होत असेल का?

जुना ग्लोवाला:
२० अंशांत काही व्हायचं नाही. वर-खाली ४५ तरी हवेत, सोबत ५०-६० टक्के एक्स्पो (काठी मधल्या जागी असताना हालचाल सौम्य करणारं रिमोटचं सेटिंग). पण डुलण्याचं दुखणं वेगळं आहे. पंख स्टॉल झालेले (हवेवरची पकड सुटलेले) असतात आणि टोकाकडच्या एलेरॉनला प्रॉपचा वारा जवळपास मिळत नाही. खाली वळलेला एलेरॉन नुसता अडथळा होतो आणि नाक भलतीकडे ओढतो. शेपटीवर मात्र प्रॉपचा झोत येतो, म्हणून रडर (शेपटीची उभी फळी) ऐकतो. मी एक अख्खा हिवाळा एलेरॉनशी भांडलो, तेव्हा कुठे हे डोक्यात शिरलं.

थेट हॅरियरला हात घालू नका. भरपूर उंचीवर थ्रॉटल (मोटरचा जोर) पार कमी करा, वेग मरू द्या, मग एलिव्हेटर हळूहळू पूर्ण ओढा. विमान पोटावर, आहे तसं खाली येतं. (या प्रकारालाही ‘एलिव्हेटर’च म्हणतात, नावांचा दुष्काळ!) पंख कलला तर रडरने सरळ करा. हे अंगवळणी पडलं की थोडा थोडा थ्रॉटल द्या आणि नाक फार वर जायला लागलं तर एलिव्हेटर किंचित सोडा. खाली येणं थांबलं, नाक साधारण ४५ अंशांवर राहिलं, की झालं हॅरियर. उंची थ्रॉटलने सांभाळायची, एलिव्हेटरने नव्हे.

उडाणटप्पू:
माझा रडरचा अंगठा आजवर बिनकामाचा पगार घेतोय!

फोमबहाद्दर:
सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) फार मागे असेल तर बॅटरी थोडी पुढे सरकवून बघा. रिमोटवर मिक्स लावून दोन्ही एलेरॉन एकदम जरासे वर ठेवले तरी डुलणं कमी होतं. सकाळी लवकर जा, नाक वाऱ्याकडे ठेवा. विमान आपल्याकडे येताना रडर उलटा वाटतो, ती सवय आधी सिम्युलेटरवर करा. तिथे प्रॉप फुकट असतात.

उडाणटप्पू:
रविवारी तीन बॅटऱ्या नुसत्या खाली येण्यात घालवल्या. चौथीला थ्रॉटल दिला, दहाएक सेकंद टिकलं. वळवताना परत डुललं, पण ज्वारी शाबूत आहे.